बदाम राणी

"जुना झाला म्हणून टाकू नकोस. हवी तर मेमरी वाढव," आई म्हणाली. बाबा गेल्यापासून त्यांच्या कॉम्प्युटरवरची धूळसुद्धा तिने दुसऱ्या कुणाला पुसू दिली नव्हती.

दुपारी मी कॉम्प्युटरचा डबा उघडला. मेमरीची जुनी पट्टी खाचेतून काढून हातात घेतली. नवी अजून पाकिटातच होती. दुकानदाराने बजावलं होतं, "पट्टीशिवाय मशीन नुसतं बोंबलतं, स्क्रीनवर काही येत नाही."

काम झालं असं समजून आईने बटण दाबलं.

मशीन बोंबललं नाही. स्क्रीनवर बाबांचा पत्त्यांचा डाव उघडला, अर्धा लागलेला.

"आई, हे चालूच शकत नाही," मी पट्टी तिच्यापुढे धरली. तिचं लक्ष नव्हतं. ती बाबांच्या रिकाम्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली, रोज राहायची तशी.

"अहो, राणी त्या राजावर ठेवा ना."

माऊस टेबलावर उलटा पडला होता. बदाम राणी अलगद उचलली गेली, राजापाशी जरा घुटमळली आणि परत आपल्या जागी जाऊन बसली. आईला चिडवायला बाबा नेमकं असंच करायचे.

"ऐकतील तर शपथ," आई म्हणाली, आणि खुर्ची करकरली.