स्टँडचा आवाज

“‘तेवढ्यात आभाळातून आगीचा लोळ उतरला आणि अर्धं सैन्य जागच्या जागी भस्म झालं,’” सून वाचत होती. “‘राणीने तलवार उपसली.’”

“अगं, आग लागलीय तिकडे,” सासरे म्हणाले. “जरा घाबरून वाच की.”

सुनेने पान उलटलं. ती बसस्टँडवर घोषणा करायची. गाडी लागली, गाडी उशिरा येणार, गाडी रद्द झाली, सगळं एकाच आवाजात. आपला आवाज जरा चढला की चौकशीच्या खिडकीवर झुंबड उडते, हे तिच्या अंगात इतकं मुरलं होतं की घरीसुद्धा ‘दूध उतू गेलं’ हे ती ‘जेवायला या’च्या सुरातच सांगायची.

सासरे उशांना टेकून बसले होते. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्यावर पट्टी. उजवा डोळा होता, पण तो दुकानांच्या पाट्या वाचण्यापुरताच उरलेला. कादंबरी-मालिकेच्या या शेवटच्या भागाची त्यांनी अकरा वर्षं वाट पाहिली होती. आधीचा भाग आला तेव्हा नातू पहिलीत होता, आता त्याला मिसरूड फुटलं होतं. ‘पुस्तक आधी, डोळा नंतर’ म्हणत त्यांनी ऑपरेशनही लांबवत नेलं. शेवटी डॉक्टर चिडले, ऑपरेशन उरकलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुस्तक घेऊन कुरिअरवाल्याने बेल वाजवली. आता याला काय म्हणावं!

वाचून कोण दाखवणार हा प्रश्नच होता. मुलाचं नाव काढायची सोय नव्हती. चौथ्या भागात राजगुरू फितूर होतो, हे त्याने जेवता जेवता बोलून टाकलं होतं आणि सासऱ्यांनी महिनाभर त्याच्याशी अबोला धरला होता. सुनेला यातलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून ती निवडून आली. अट एकच. दोघांनी बरोबर पुढे जायचं. एकट्याने एक ओळसुद्धा वाचायची नाही.

सासऱ्यांचा जीव अडकला होता एका लंगड्या ड्रॅगनमध्ये. बिचारा पहिल्या भागापासून दर लढाईत मरता मरता वाचत आलेला. आता शेवटच्या भागात तो जगतो की नाही, याचाच सासऱ्यांना घोर लागलेला. सुनेला त्याचं काही नव्हतं. ती त्याला ‘तुमची पाल’ म्हणायची.

“‘रात्री लढाई थांबली,’” ती पुढे वाचू लागली. “‘लंगडा ड्रॅगन नदीवर आला. पाणी प्यायला. मग त्याने विचारलं, सगळे जेवले का?’”

सासऱ्यांनी मान वळवली.

“पुन्हा वाच.”

“‘लंगडा ड्रॅगन नदीवर आला. पाणी…’”

“मरतो तो,” सासरे म्हणाले.

“कोण म्हणतं?”

“तू म्हणतेयस. अर्धं सैन्य जळालं तेव्हा तुझा आवाज हलला नाही. आणि हा नुसता पाणी प्यायला, तर तू पाळण्यातल्या पोराजवळ बसल्यासारखी वाचतेयस. तू पुढचं वाचलंयस, सूनबाई.”

सुनेने पुस्तकातली खूण उगाच सरळ केली.

“कधी?”

“काल दुपारी. गाड्या कमी असतात तेव्हा.”

“पुस्तक स्टँडवर नेलंस?”

“डब्याच्या पिशवीतून. राहवलंच नाही हो बाबा. एकच पान म्हणून उघडलं. मग दोन गाड्या घोषणेशिवायच सुटल्या.”

“अकरा वर्षं,” सासरे म्हणाले. “अकरा वर्षं मी कानात बोळे घालून हिंडलो. चार लोक या पुस्तकाबद्दल बोलायला लागले की उठून जायचो. पोटच्या पोराशी बोललो नाही. आणि शेवटी तू.”

सुनेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासऱ्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. राग सुनेचा होता की दुःख पालीचं होतं, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

“आज राहू दे,” म्हणत तिने पुस्तक मिटलं.

“उघड ते. किती लांब आहे?”

“पुढच्याच पानावर.”

सासरे बराच वेळ चादरीची कड चाचपत बसले.

“वाच,” ते म्हणाले. “पण असं मऊ मऊ नको. तुझ्या स्टँडच्या आवाजात वाच.”

“तुम्हीच तर नावं ठेवता त्याला.”

“डॉक्टरांनी बजावलंय, डोळ्यात पाणी जाता कामा नये.”

“ते अंघोळीचं पाणी, बाबा.”

“पाणी ते पाणी. वाच तू.”

सुनेने पाठ ताठ केली, घसा खाकरला आणि माईकसमोर बसल्यासारखं पुस्तक धरलं.

“‘पहाट झाली. सैन्य निघालं. राणीने त्याला हाक मारली. मग पुन्हा एकदा मारली. लंगडा ड्रॅगन उठला नाही.’”

आवाज जराही चढला नाही की उतरला नाही. सासरे पट्टीवर तळहात ठेवून ऐकत होते. ती पान उलटायला गेली, पण उलटलं नाही. मग त्याच आवाजात, शब्द न् शब्द सुटा करत ती म्हणाली, “प्रवाशांना होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.”

सासऱ्यांनी पट्टीवरचा हात काढला.

“हे पुस्तकात आहे?” त्यांनी विचारलं.

“नाही बाबा,” ती म्हणाली. “हे माझं.”