आतली कडी

फाटकातून दादा आत येताना दिसला आणि धाकटीच्या हातातली ओली वेताची पट्टी सटकून मांडीवर पडली.

समोर पाहुण्यांचा घोळका उभा होता. दिव्यांगांचं हे वसतिगृह आज सगळ्यांना बघायला खुलं होतं. वर्षभर विणलेल्या खुर्च्या, टोपल्या, ट्रे अंगणात मांडले होते आणि खुर्ची कशी विणतात ते दाखवायला धाकटीला खिडकीपाशी बसवलं होतं. एका आडव्या अंगाच्या गृहस्थांनी खुर्चीकडे बोट दाखवून विचारलं, "बसलो तर मोडायची नाही ना?" एरवी ती म्हणाली असती, "बसा की, मोडली तर विकत घ्या." आज "आलेच हं," एवढंच ती म्हणाली आणि चाकाची खुर्ची मागे वळवली.

दादा तिला घरी न्यायला आला होता. दुसरं काय असणार? परवाच मोठ्या बाईंनी त्याच्या फोनचं सांगितलं होतं. "भाऊ येतायत तुमचे. घरचं काहीतरी बोलायचंय म्हणाले. बरं वाटलं ना?" मोठ्या बाई वसतिगृह चालवत. मनाने चांगल्या होत्या. घर म्हटलं की त्यांना काहीतरी चांगलंच आठवायचं.

धाकटीला मागची खोली आठवायची. तिचे पाय जन्मापासून लुळे. घरी कोणी आलं की दादा तिला उचलून त्या खोलीत ठेवायचा आणि बाहेरून कडी लावायचा. आधी ते पाहुण्यांपुरतंच होतं. मग आई गेली, दादाचं लग्न झालं आणि कडी दिवसभर लागू लागली. त्याने तिच्यावर कधी हात उगारला नाही. ताट वेळेवर सरकवायचा. फक्त सरकवताना तिच्याकडे बघायचा नाही. शेवटी मावशी चारचौघांत त्याच्याशी भांडली आणि तिला इथे घेऊन आली. ती मावशी आता नव्हती. धाकटीच्या बाजूने तोंड उघडणारं कोणी उरलं नव्हतं.

वेताच्या मोळ्या ठेवायच्या खोलीत शिरून तिने दार लोटलं. इथल्या कड्या बसल्या जागेवरून हात पुरेल इतक्या खाली बसवलेल्या होत्या. तिने कडी लावली. दादा बाहेर आणि कडी तिच्या बाजूला, असं आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं, तरी तिने ती पुन्हा एकदा ओढून पाहिली. मोळ्यांचा दमट वास नाकात भरला. बाहेर पावलं वाजली आणि थेट दाराशी येऊन थांबली.

"आत्ता इथेच होत्या हो," मोठ्या बाई म्हणाल्या. "थांबा, हाक मारते."

"नको," दादाचा आवाज आला. "तिला सांगावं की नाही, तेच कळत नाहीये. आधी तुमच्याशीच बोलतो."

धाकटीने दाराला कान लावला.

"तुम्ही लहान मुलं घेता का?" दादाने विचारलं. "माझी मुलगी आहे, सहा वर्षांची. तिचे पाय... तिच्या आत्यासारखेच आहेत."

दादाला मुलगी आहे, हेच आत्याला आत्ता कळत होतं.

"नाही हो," बाई म्हणाल्या. "आमच्याकडे मोठ्यांचीच सोय आहे. आत्ता कुठे आहे ती? आईपाशी?"

"आई कामाला जाते तिची. मीही जातो." दादा घुटमळला. "घरीच असते. काही लागायचं, पडायचं भ्या नाही. बाहेरून बंद करून जातो ना आम्ही."

अंगणात कोणीतरी मोठ्याने हसलं.

"निघतो मग," दादा म्हणाला. "हिला सांगू नका मी येऊन गेलो ते."

पावलं लांब जाऊ लागली. तो तिला न्यायला आलाच नव्हता. आणखी थोडा वेळ गप्प बसलं की झालं. मग पुन्हा खिडकीपाशी जायचं, त्या आडव्या अंगाच्या गृहस्थांना खुर्चीवर बसवायचं, लोकांना हसवायचं. धाकटीचा हात कडीकडे गेला. मागे आला. पावलं व्हरांड्याच्या टोकाला पोहोचली तेव्हा तिने कडी काढली.

"दादा!"

तो दचकून वळला. केस पार पिकले होते. खांदे पडले होते. सवयीने त्याची नजर खाली गेली.

"ओरडते का ती?" धाकटीने विचारलं. "दार लावल्यावर?"

"आधी ओरडायची. घर डोक्यावर घ्यायची नुसती." बहिणीला धीर द्यावा तसं तो पुढे म्हणाला, "आता नाही. आता अगदी शहाण्यासारखी गप्प असते. सवय झाली तिला."

मोठ्या बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. ओरडून कोणी येत नाही हे कळलं की माणूस तसं गप्प होतं, हे त्या व्हरांड्यात फक्त धाकटीलाच ठाऊक होतं.

तिने चाकं ढकलली आणि खुर्ची दादाच्या पायांपाशी नेऊन उभी केली.

"चल," ती म्हणाली. "मला घरी ने. तिच्यापाशी."