चाकणचा ठिपका

हिरडा कुठल्या हवेत तग धरू शकतो, याचा नकाशा तनुजा करत होती. भीमाशंकरच्या रानात ठिपकेच ठिपके, आणि चाकणच्या तापलेल्या कारखान्यांत कुणीतरी नोंदवलेला एकच. चूकच असणार म्हणून ती बघायला गेली, तर चाळीमागे खरंच हिरडा होता आणि एक म्हातारी, केसरबाई, त्याला कळशीनं पाणी घालत होती.

“पोराच्या कंपनीपायी गाव सोडलं, तवा भीमाशंकरच्या रानातनं रोप आणलं,” केसरबाई म्हणाली.

“आजी, पाणी घालून जगवलेलं झाड आम्ही धरत नाही. नकाशावरचा हा ठिपका मला पुसावा लागेल.”

केसरबाईनं खोडावरून हात फिरवला.

“पुसू नको गं. तिकडं रानात, बाकीच्यांत सरकव त्याला. हितं लई एकटं पडलंय.”