कपाटाची वही

“किल्ली द्या,” साहेब तिसऱ्यांदा म्हणाले.

“वही भरा,” पगारबाईही तिसऱ्यांदाच म्हणाल्या.

बटणांच्या त्या कारखान्यात पगारबाईंच्या तोंडून कुणाच्या पगाराचा आकडा बाहेर पडलेला कुणी ऐकला नव्हता. त्यांचा नवरा तिथेच पॅकिंगला होता. सात तारखेला तोही रांगेत उभा राही, सही करी आणि बंद पाकीट घेई. घरी येऊन “आज पगार झाला” म्हणाला, की बाई चहाचं आधण ठेवता ठेवता विचारत, “हो का? वेळेवर झाला ना?”

साहेबांना संध्याकाळपर्यंत वर पाच नावं कळवायची होती. पाच माणसं कमी करायची, तर दुखणाईत आधी, असा त्यांचा सरळ हिशेब. मोठ्या आजारपणाची रजा कुणी घेतली आणि कशासाठी घेतली, ते कागद त्यांना हवे होते. कागद बाईंच्या पाठीमागच्या लोखंडी कपाटात होते.

“रजेचे दिवस हवेत तर आत्ता काढून देते,” बाई म्हणाल्या. “पगाराला दिवस लागतात, साहेब. दुखणं लागत नाही.”

“मला शिकवू नका. मी यंत्रावरून वर आलोय!”

साहेबांनी खिशातला किल्ल्यांचा जुडगा टेबलावर आपटला. त्याला त्यांचा जुना पितळी बिल्ला अडकवलेला होता, नंबर २१४. अकरा वर्षं तो त्यांनी छातीवर वागवला होता. पाहुण्यांना चहाच्याही आधी तो दाखवला जाई. कामगाराचं दुःख मला कळतं, असंही साहेब सांगत. विशेषतः कुणाला काढायचं असलं की.

“ठीक आहे. उद्यापासून गोदामात बटणं मोजा.”

बाईंना निवृत्तीला चौदा महिने उरले होते आणि त्यांचे गुडघे गोदामाच्या जिन्याचं नुसतं नाव काढलं तरी कुरकुरत.

“मोजीन की. दोन भोकांची वेगळी, चार भोकांची वेगळी. पण माझ्या जागी जो बसेल, तोही वहीशिवाय कपाट उघडणार नाही. आणि कारण पगाराचं नसेल तर वही भरूनही नाही. पहिल्या पानावर लिहिलंय. खाली मालकांची सही आहे.”

“आणा इकडे. कारण काय, हवं ते लिहिता येतं.”

वही साधीच होती. तारीख, वेळ, कुणाची फाईल, कशासाठी, सही. नावं कुठेच नाहीत. फक्त बिल्ल्यांचे नंबर. साहेबांनी पेन उघडलं आणि कारणाच्या रकान्यापाशी अडले. आपल्या आधीच्यांनी काय काय थापा मारल्यात ते तरी बघावं, म्हणून मागची पानं चाळू लागले.

नऊ वर्षांपूर्वीच्या एका पानावर त्यांचं बोट थांबलं.

अक्षर जुन्या साहेबांचं. ‘बिल्ला २१४. चार महिने रजेचं कारण पाहणे. फोरमन नेमायचा आहे.’

शेजारी बाईंचं टपोरं अक्षर. ‘नकार. पगाराला लागत नाही.’

खाली पुन्हा जुने साहेब, कागद फाटेल इतकं दाबून. ‘बाईंची पगारवाढ एक वर्ष बंद.’

आणि त्याखाली, तितकंच टपोरं, ‘नोंद घेतली.’

साहेबांनी जुडगा हळूच उचलून खिशात घातला.

त्या चार महिन्यांत ते गावी घर बांधत होते, हे अख्ख्या कारखान्याला ठाऊक होतं. घर मात्र अजून कुणी पाहिलं नव्हतं. ज्याच्या खिडक्या आतून उघडत नाहीत, अशा दवाखान्यात ते होते, हे त्यांच्या बायकोला ठाऊक होतं, डॉक्टरला ठाऊक होतं आणि कपाटातल्या एका कागदाला. परतल्यावर महिन्याभरात ते फोरमन झाले. वाढीव पगाराचं पहिलं पाकीट बाईंनीच हातात दिलं होतं. वर “सही रकान्यात करा, बाहेर नको” म्हणून दटावलंही होतं. स्वतःच्या पाकिटात त्या वर्षी काय कमी पडलं, ते त्यांनी नवऱ्यालाही सांगितलं नसणार.



मग साहेबांनी कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘मागणी मागे घेतली.’ वरच्यांना काय सांगायचं ते संध्याकाळपर्यंत सुचणार होतं. न सुचलं तर त्यांच्याच ‘दुखणाईत आधी’ या हिशेबाने पाचांतलं पहिलं नाव कुणाचं, ते त्यांना आता कळलं होतं.

“वेळ राहिली,” बाई म्हणाल्या.

साहेबांनी निमूटपणे वेळ लिहिली. दारापर्यंत गेले. तिथून परत आले.

“बाई,” त्यांचा आवाज एकदम खाली उतरला होता, “म्हणजे एवढी वर्षं तुम्हाला माहीत होतं? माझ्या फायलीत जे...”

बाईंनी वही मिटली, खणात ठेवली, खणाला कुलूप लावलं आणि चष्म्यावरून वर पाहिलं.

“कुणाच्या फायलीत, साहेब?”