मावशीचे ऐंशी किलो

आरोग्यताईचा वजनकाटा भंगाराच्या दुकानाच्या पायरीखाली उपडा पडला होता. काच मधोमध फुटलेली. कुणाचा पाय पडून नव्हे, काहीतरी जड आपटून फुटावी तशी.

"आता?" मावशी म्हणाली. तिच्या पाठीमागे वस्तीतल्या कचरा वेचणाऱ्या बायका उभ्या होत्या आणि एकीच्याही चेहऱ्यावर ताईबद्दल दयामाया नव्हती.

"काल संध्याकाळी नेहमीसारखा इथे नीट ठेवून गेले होते मी."

"आणि नेमका वजनाच्या दिवशी फुटला. नाचता येईना, अंगण वाकडं."

"मी कशाला फोडीन, मावशी?"

"मग काय मी फोडला? मला फोडायचा असता तर तुझ्यादेखत फोडला असता."

ते खरं होतं. मावशी पाठीमागून काही करणाऱ्यातली नव्हती. तीन महिन्यांपूर्वी ताई गळ्यात शिट्टी अडकवून कवायत शिकवायला इथे पहिल्यांदा आली, तेव्हाही ती तोंडावरच म्हणाली होती, "दिवसभर वाकून कचरा वेचतो आम्ही. आम्हाला वाकायला शिकवतेस होय गं?"

ताईने रक्तदाब, गुडघे, साखर, सगळं सांगून पाहिलं. दवाखान्याचा जिना चढताना दम लागलेल्या दोघी-तिघी आधी आल्या, मग बाकीच्या. मावशी आली नाही. तिने पैज मात्र लावली. तीन महिन्यांनी सगळ्यांचं वजन करायचं. उतरलं नाही, तर ताईने पुन्हा वस्तीत पाऊल टाकायचं नाही. ताईच्या साहेबांचंही म्हणणं साधारण तेच होतं. याआधी दोन वस्त्यांनी तिला हाकललं होतं. तिसरीने हाकललं की नोकरी गेलीच.

पैजेपुरती मावशीही ताईच्या काट्यावर चढली होती. "ऐंशी. ध्यानात ठेव पोरी. तेव्हाही ऐंशीच असणार." मग रोज कवायत सुरू झाली की ती समोरच्या कट्ट्यावर बसायची, तेलाने भिजलेली पुडी सोडायची आणि सावकाश, चवीने खायची. ताईला तिचा मनापासून राग यायचा.

आत्ताही मावशीने सकाळचं पोतं खांद्यावरून खाली टाकलं आणि खांदा चोळला. "वय झालं. हल्ली थोडकं ओझंही फार लागतं," ती कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाली.

दुकानाच्या दारात शेठ चहा ढवळत उभा होता. माल घालायला येणाऱ्या प्रत्येकीला तो दुप्पट साखरेचा चहा फुकट पाजायचा. ताई आल्यापासून त्याचे पेले तसेच परत येऊ लागले होते, आणि वर दुकानाच्या तोंडाशी हात हलवणाऱ्या बायकांची ही गर्दी.

"मॅडम," तो म्हणाला, "कर नाही त्याला डर कशाला? हरलात, कबूल करा आणि माझ्या दारातून हला."

ताईने त्याच्या खांद्यावरून आत पाहिलं. "तुमचा काटा द्या ना, शेठ. थोडा वेळ."

"तो भंगाराचा आहे. माणसांचा नाही."

"किलो तर तोच ना?"

"माणसं चढली की बिघडतो."

"एका वेळी दोन-दोन पोती चढवता, तेव्हा नाही बिघडत?" घोळक्यातली हमालाची बायको म्हणाली.

शेठचा तोल सुटला. "तुमच्या सुटलेल्या ढेऱ्या मोजायला घेतला नाही मी काटा. चला, निघा."

तिथे तो चुकला. ताईशी भांडायला आलेल्या बायका क्षणात त्याच्यावर उलटल्या. ढेरी कुणाची सुटली आहे, हे त्याला चारी बाजूंनी ऐकवण्यात आलं.

"कर नाही त्याला डर कशाला, शेठ?" मावशी म्हणाली आणि तिने स्वतःच काटा ओढून बाहेर आणला.

पहिल्या दिवशीचा आपला आकडा प्रत्येकीला पाठ होता. शेजारणींनी तो विसरूच दिला नव्हता. हमालाची बायको जीव मुठीत धरून चढली. सात किलो उतरलं होतं. पुढची चढली, तिचं सहा. जी जास्त जड, तिचं जास्त उतरलं. तेही रीतीला धरूनच होतं. एकीचा विश्वास बसेना, तिने चपला काढून पुन्हा चढून पाहिलं. दोघींनी ताईला मिठी मारली. ताईचे डोळे भरून आले. या वस्तीत तिच्याशी इतक्या मायेने कुणी वागेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

शेठने चहाचा पेला न पिताच खाली ठेवला.

"आता मावशी," ताई म्हणाली. तीन महिन्यांचं उट्टं काढल्याशिवाय तिला राहवेना. "ऐंशी ना? बघू या सगळ्यांसमोर."

मावशीने तेलकट बोटं पदराला पुसली, लुगड्यावरचा चामडी कंबरपट्टा सावरला आणि ती काट्यावर उभी राहिली.

बहात्तर.

बायकांची हसून मुरकुंडी वळली. "हिचं तर नुसतं बघूनच उतरलं गं!" ताईही पोटभर हसली. ती जिंकली होती, आणि तेही मावशीच्या वजनासकट.

मावशी हसली नाही. खाली उतरलीही नाही. तिने कंबरपट्ट्यात बोट घालून पाहिलं. पट्टा त्याच जुन्या भोकात होता आणि बोट आत जात नव्हतं. तिने आकड्याकडे पाहिलं, मग पायाशी पडलेल्या आपल्या पोत्याकडे. हसणं एकेक करत थांबलं. शेठचा हात शटरकडे गेला होता.

"शेठ," मावशीने अगदी हळू विचारलं, "आमची पोतीही रोज याच काट्यावर चढतात ना?"