वर्षभराची शिवण

आई गेल्याला सहा महिने झाले आणि लेकीने नोकरीतून वर्षभराची बिनपगारी रजा घेतली. जग हिंडायचं ठरलं होतं. तिची बॅग दुरुस्त करता करता बाबांचा उपदेश सुरू झाला. चाळीस वर्षं लोकांच्या बॅगा शिवलेला, स्वतः मात्र दुकान सोडून कुठे न गेलेला माणूस.

"सामान निम्मं कर. मग उरलेल्याचंही निम्मं कर. पहिल्या महिन्यात घरची आठवण आली तरी परतीचं तिकीट बघायचं नाही. आणि कुणाचे सल्ले ऐकायचे नाहीत."

"तुमचेसुद्धा?"

"माझे तर मुळीच नाहीत."

"बाबा, तुम्ही कधी गेलात हो एवढं फिरायला?"

"मी नाही गेलो. पण बॅगा जाऊन येतात ना! फाटून आल्या की सगळं कळतं."

ती हसली खरी, पण जीव घरातच अडकला होता. "वर्षभर एकटे राहाल?"

"राहीन की. तू मागे वळून बघू नकोस. मन भरेपर्यंत हिंडून घे."

त्यांनी बॅग तिच्या हातात दिली. ती दुकानातच लहानाची मोठी झालेली. हँडलला बाबा नेहमी दुहेरी शिवण मारतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आज एकेरीच होती.

"बाबा, दुसरी शिवण विसरलात."

"विसरलो नाही," सुया डबीत ठेवत ते म्हणाले. "एवढी वर्षभर पुरते. त्यापुढे हिंडत राहिलीस, तर हँडल हातात येईल."