ओवलेला दोरा

नवऱ्याशी फाटलं तेव्हा ती अंगावरच्या कपड्यांनिशी निघाली. पोटापाण्याचं शिलाई मशीन तिकडेच राहिलं. "पावती नसेना का," वकीलबाई म्हणाल्या. "आधी नोटीस, मग पोलीस, नाहीतर कोर्ट आहेच." पण नोटीस पोचताच त्याने मशीन निमूट टेम्पोत घालून पाठवलं. भाड्याच्या खोलीत फडकं काढून बघते, तर सुईत दोरा ओवलेला! तिची नजर अधू झाल्यापासून रोज सकाळी तोच ओवून द्यायचा, वर "चष्मा कर एकदाचा" म्हणून करवादायचा. ती जपून पायडल मारत राहिली, पण अर्ध्या बाहीवर दोरा तुटलाच. तिने टोक ओलं केलं, डोळे बारीक केले. नेढं काही सापडेना. तेवढ्यात वकीलबाईंचा फोन आला. "तिकडे अजून काही राहिलंय? पुन्हा नोटीस धाडू." "नाही हो मॅडम," ती म्हणाली, "नोटिशीत घालता येईल असं काही नाही राहिलं."